पीपीपीओई सोडून एएसआर ९००१ च्या डीएचसीपी प्रॉक्सीवर आलो, आठ महिने झाले, कसं आहे ते सांगतो

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू घरी वायफाय राउटर घ्यायला निघालेल्यांसाठी नाहीये, तालुक्याच्या ठिकाणी फायबरचा धंदा करणाऱ्या आणि रात्री अडीचला फोन उचलणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी आहे. कराड आणि पाटण भागात आमचं छोटं ब्रॉडबँड नेटवर्क आहे, मी त्यातला नेटवर्कवाला, म्हणजे राउटर मी, रेडियस (गिऱ्हाईक तपासणारा सर्व्हर) मी, बिलिंगचा सर्व्हर हँग झाला तरी मीच. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. साधारण ३२०० गिऱ्हाइकं आता या एका सिस्को एएसआर ९००१ राउटरवर डीएचसीपी प्रॉक्सीनं (डीएचसीपी म्हणजे गिऱ्हाइकाच्या राउटरला आपोआप आयपी पत्ता देणं, प्रॉक्सीचं पुढे सांगतो) चालतात आणि गेल्या आठ महिन्यांत जे बरं वाईट अनुभवलं ते लिहितोय, मार्केटिंगचं पत्रक लिहीत नाहीये.

आधी हा उद्योग केलाच का ते. आमच्याकडे सगळं पीपीपीओईवर होतं, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या राउटरमधे युजरनेम पासवर्ड टाकायचा. लहान मुलानं राउटरच्या मागचं रिसेटचं बटण टाचणीनं दाबलं की गेला पासवर्ड, मग काकूंचा फोन, "अहो नेट येईना, सकाळपासून मुलाचा क्लास बुडालाय", मग पोरगा बाईकवर पाठवायचा ११ किलोमीटर, दोन मिनिटांचं काम, पेट्रोल आपलं. शिवाय पीपीपीओईचे ८ बाइट जातात म्हणून एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) १४९२, त्यात एखाद्या व्हीपीएनवाल्या वर्क फ्रॉम होम साहेबांचं काहीतरी अडकतं आणि ते आपल्याला एमटीयू शिकवतात. डीएचसीपी केलं तर गिऱ्हाइकाच्या राउटरमधे काहीच टाकायचं नाही, डब्यातून काढला, वायर लावली, चालू, कारण बहुतेक राउटर फॅक्टरीतून डायनॅमिक आयपीवरच सेट असतात. आणि १५०० चा पूर्ण एमटीयू.

मग दादांनी विचारलं की पासवर्ड नाही तर गिऱ्हाईक ओळखणार कसं, रिचार्ज संपला तर बंद कसं करणार. प्रश्न बरोबर होता. याचं उत्तर ऑप्शन ८२, म्हणजे डीएचसीपीच्या निरोपातला एक जास्तीचा रकाना. ओएलटी, म्हणजे आमच्या बाजूचं फायबरचं यंत्र, काय करतं, गिऱ्हाइकाचा डीएचसीपी डिस्कव्हर (आयपी मागणारा पहिला निरोप) वर पाठवताना त्यात सर्किट आयडी चिकटवतं, म्हणजे कुठला स्लॉट, कुठला पॉन पोर्ट (फायबरची लाईन), कुठला ओएनयू (गिऱ्हाइकाच्या घरचा फायबरचा डबा). २००१ चा आरएफसी (इंटरनेटचं मानक) ३०४६ आहे हा, नवीन काही नाही. राउटर तोच सर्किट आयडी रेडियसला युजरनेम म्हणून पाठवतो आणि रेडियस सांगतो हा कोण, प्लॅन कुठला, पैसे भरलेत का. थोडक्यात काय तर पासवर्ड गिऱ्हाइकाच्या घरातून निघून आपल्या फायबरच्या पोर्टमधे आला, तो कुणी विसरू पण शकत नाही आणि शेजाऱ्याला देऊ पण शकत नाही.

आता मुद्द्यावर, प्रॉक्सी. लोक रिले आणि प्रॉक्सी एकच समजतात, मी पण समजायचो. फरक असा की रिले म्हणजे टेम्पोवाला, शेतकऱ्याचं पोतं उचललं, मार्केट यार्डात टाकलं, पावती आणून दिली, पुढचा व्यवहार तुमचा तुम्ही बघा. प्रॉक्सी म्हणजे आडत्या. शेतकऱ्याला व्यापारी दिसतच नाही, त्याच्यासाठी आडत्या हाच व्यापारी, आणि व्यापाऱ्यालाही शेतकऱ्याशी देणंघेणं नाही, हिशोबाची वही आडत्याकडे. टेक्निकल भाषेत सांगायचं तर रिलेमधे गिऱ्हाइकाच्या राउटरला मिळणाऱ्या ऑफरमधे (डिस्कव्हरला आलेल्या उत्तरात) सर्व्हर आयडेंटिफायर हा खऱ्या डीएचसीपी सर्व्हरचा असतो, त्यामुळे पहिल्यांदा आयपी घेताना पॅकेट रिलेमार्फत जातं पण नंतर लीज (ठराविक मुदतीसाठी दिलेला आयपी) रिन्यू करताना गिऱ्हाईक थेट सर्व्हरलाच युनिकास्ट करतं, आरएफसी २१३१ मधे तसंच आहे, १९९७ पासून. म्हणजे तुमचा सर्व्हर गिऱ्हाइकांच्या बाजूनं उघडा ठेवावा लागतो. प्रॉक्सीमधे राउटर तिथे स्वतःचा पत्ता घालतो, रिन्यू त्याच्याकडेच येतं, बाइंडिंगची वही (कुणाला कुठला आयपी दिला ते) तोच ठेवतो, आणि मागचा सर्व्हर कुठे आहे हे गिऱ्हाइकांपैकी कुणालाच कळत नाही. आमच्या सर्व्हरसमोर आता फायरवॉलमधे एकच ओळ आहे, राउटरचा पत्ता सोडून कुणीच डीएचसीपी बोलायचं नाही. पण प्रॉक्सीचा खरा फायदा हा पण नाही, तो लीजमधे आहे, त्यावर येतो पुढे.

बॉक्सबद्दल थोडक्यात. एएसआर ९००१ जुना झालाय, नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता, मुंबईच्या एका डीलरकडून रिफर्बिश्ड घेतला. २ यू चा आहे, अंगावरच चार १० जी चे एसएफपी प्लस पोर्ट आणि दोन मॉड्यूलर बे. आरएसपी (राउटरचा मेंदू) आतच बसवलेलं आहे म्हणजे एकच, दुसरं लावता येत नाही, तो मेला की सगळे मेले हे डोक्यात ठेवूनच घ्या. सॉफ्टवेअर जुन्या धर्तीचं ३२ बिट आयओएस एक्सआर, त्यात बीएनजीचं (गिऱ्हाइकांची सेशन्स सांभाळणाऱ्या भागाचं) पाय पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, वेगळं टाकावं लागतं, ते नसेल तर सबस्क्रायबरच्या कमांड्स दिसतच नाहीत. डीलरनं "सर सगळं आहे, प्लग अँड प्ले" म्हणून दिला आणि रॅकमधे लावून बघतो तर बीएनजीचं पॅकेज नाही, लायसन्सचा पत्ता नाही, पुढचे तीन आठवडे त्याच्यामागे फिरण्यात गेले आणि तोपर्यंत हा बॉक्स रॅकमधे फक्त पंख्याचा आवाज करत बसला. सेकंडहँड घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर शो इन्स्टॉल ॲक्टिव्ह चालवून दाखवायला सांगा आणि त्यात बीएनजीचा पाय दिसला तरच पुढे बोला. लायसन्स सबस्क्रायबरच्या संख्येप्रमाणे वेगळं लागतं हा खर्चही आधीच धरा.

कॉन्फिगरेशन. खरं सांगू का, प्रॉक्सीचं स्वतःचं कॉन्फिग अर्ध्या पानाचं पण नाही, अवघड आहे ते आजूबाजूचं. डीएचसीपी आयपीव्ही४ मधे जायचं, एक प्रोफाइल बनवायचा आणि त्याच्या नावापुढे प्रॉक्सी लिहायचं, आत हेल्पर ॲड्रेस द्यायचा, म्हणजे मागचा खरा सर्व्हर, कुठल्या व्हीआरएफमधे (राउटरमधल्या वेगळ्या राउटिंग टेबलमधे) आहे ते, आणि हवं असेल तर जीआयॲडर (सर्व्हरनं उत्तर ज्या पत्त्यावर पाठवायचं तो) कुठला ते. मग तो प्रोफाइल ॲक्सेस इंटरफेसला बांधायचा, आमच्याकडे बंडल इथर १.१०० आहे. एवढंच. पण नुसतं एवढं करून कुणालाही आयपी मिळत नाही कारण बीएनजीमधे प्रत्येक गिऱ्हाईक एक सेशन असतं आणि ते सेशन कोणी उघडायचं, कुठला टेम्प्लेट लावायचा हे वेगळं सांगावं लागतं. इंटरफेसवर आयपी सबस्क्रायबर आयपीव्ही४ एल२ कनेक्टेड, त्याच्या आत इनिशिएटर डीएचसीपी, एक कंट्रोल पॉलिसी ज्यात सेशन स्टार्ट झालं आणि प्रोटोकॉल डीएचसीपीव्ही४ असेल तर डायनॅमिक टेम्प्लेट लाव आणि रेडियसला विचार असं लिहायचं, आणि टेम्प्लेटमधे आयपीव्ही४ अननंबर्ड लूपबॅक (राउटरचा स्वतःचा काल्पनिक इंटरफेस). तोच लूपबॅक सगळ्या गिऱ्हाइकांचा गेटवे. इंटरफेसवर एआरपी (कुठला आयपी कुठल्या यंत्राचा ते शोधणं) लर्निंग डिसेबल पण टाकायचं, गिऱ्हाइकाची नोंद डीएचसीपीवरून व्हायला हवी, कुणीही येऊन एआरपी ओरडून नाही.

पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. सगळं टाईप केलं, टेस्टचा राउटर लावला, आयपी नाही. शो डीएचसीपी आयपीव्ही४ प्रॉक्सी स्टॅटिस्टिक्स बघतोय तर डिस्कव्हर येतायत आणि ड्रॉप होतायत. दोन तास व्हीलॅन तपासले, क्यूइनक्यू तपासलं, बंडलचे मेंबर तपासले, स्वतःच्या अकलेवर शंका घेऊन झाली. निघालं काय तर ऑप्शन ८२. ओएलटीनं आधीच ऑप्शन ८२ घातलेला पण जीआयॲडर शून्य, असं पॅकेट राउटरला संशयास्पद वाटतं, म्हणजे तुझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मधे हे कोण आलं लिहिणारं, आणि तो गपचूप फेकून देतो. त्यासाठी प्रोफाइलमधे रिले इन्फर्मेशन ऑप्शन अलाव अनट्रस्टेड ही ओळ लागते. आणि दुसरी ओळ, पॉलिसी कीप, म्हणजे ओएलटीनं लिहिलेलं तसंच ठेव, त्यावर स्वतःचं लिहू नको. राउटरनं तिथे स्वतःचं लिहिलं तर एका इंटरफेसवरचे हजार लोक रेडियसला एकाच नावाचे दिसतील. या दोन ओळी हेल्पर ॲड्रेसच्या बरोबरीनं फळ्यावर लिहून ठेवा.

त्यानंतर डिस्कव्हर सर्व्हरपर्यंत पोचला, सर्व्हरनं ऑफर दिला, आणि ऑफर गायब. हा दोष शंभर टक्के माझा. सर्व्हर उत्तर देतो ते जीआयॲडरला, म्हणजे आमच्या केसमधे लूपबॅकच्या पत्त्याला, आणि सर्व्हरला त्या पत्त्याचा रूटच नव्हता, तो बिचारा डिफॉल्ट गेटवेकडे म्हणजे फायरवॉलकडे ढकलत होता आणि फायरवॉल त्याला ओळखत नव्हती. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी जाणारी पॅकेट बघायचं साधन) लावल्यावर दोन मिनिटांत दिसलं, तोपर्यंत मी राउटरलाच शिव्या घालत होतो. लक्षात ठेवा, रिले असो की प्रॉक्सी, राउटर आणि सर्व्हरमधलं बोलणं दोन्ही बाजूंनी यूडीपी ६७ वर चालतं, ६८ हा फक्त गिऱ्हाइकाकडचा. फायरवॉलमधे ६७ ते ६८ अशी परवानगी देऊन ठेवणारे मी स्वतः दोन जण पाहिलेत, त्यातला एक मी.

मागचा सर्व्हर आमचा केआ (डीएचसीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर) आहे. आधी आयएससीचा जुना डीएचसीपीडी होता, पण त्याचा सपोर्ट आयएससीनं २०२२ मधेच थांबवला, मग म्हणलं बदलतोयच सगळं तर हेही बदलू. केआ रिलेच्या मागे असेल तर सॉकेट टाईप यूडीपी ठेवा, रॉ सॉकेटची गरज नाही. आणखी एक, यात आम्ही एक संध्याकाळ घालवली. गिऱ्हाइकं वाढली, पहिला पूल (वाटायच्या आयपींचा साठा) भरला, दुसरा सबनेट (आयपींचा गट) लूपबॅकवर सेकंडरी म्हणून टाकला, केआमधे पण टाकला, तरी नवीन कुणाला आयपी मिळेना. कारण जीआयॲडर तर पहिल्याच सबनेटचा जातोय ना, केआ त्यावरूनच सबनेट निवडतो, दुसऱ्या सबनेटकडे तो वळून बघणार कशाला. दोन्ही सबनेट एका शेअर्ड नेटवर्कमधे बांधले की झालं. वाचायला सोपं वाटतंय, पण नवीन कनेक्शनची १४ पोरं घराघरांत ताटकळत उभी असताना सुचत नाही.

आता लीज. यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो. पीपीपीओईमधे एक चांगली गोष्ट होती, एलसीपी इको. राउटर दर काही सेकंदांनी विचारायचा, आहेस का रे, आणि उत्तर नाही आलं की सेशन बंद, अकाउंटिंग स्टॉप गेला, हिशोब चोख. डीएचसीपीमधे असं काहीच नाही. गिऱ्हाइकानं राउटरचं बटण बंद केलं तर तो रिलीज पाठवतच नाही, कुणाला सांगून लाईट जाते का. मग २४ तासांचं लीज असेल तर २४ तास ते भुताचं सेशन राउटरमधे बसून राहणार. याला उपाय म्हणजे लीज छोटं करा, कारण लीजच्या अर्ध्या वेळेला गिऱ्हाईक रिन्यू करतं, तेच झालं त्याचं नाडीचं ठोकं. पण साध्या रिलेवर लीज छोटं करायचं म्हणजे सर्व्हरवरच छोटं करावं लागतं, हिशोब करा, ३२०० गिऱ्हाइकं, ३०० सेकंदांचं लीज, म्हणजे दर १५० सेकंदाला प्रत्येकाचं एक रिन्यू, सेकंदाला २१ च्या वर रिक्वेस्ट, चोवीस तास, आणि प्रत्येक वेळी डेटाबेसमधे लिहिणं. तेही चालेल हो, आजचे सर्व्हर करतात. पण सर्व्हर पाच मिनिटं पडला तर काय, ३२०० च्या ३२०० बंद. पाच मिनिटांत तर माझा लॅपटॉप पण उठत नाही.

प्रॉक्सी इथे कामाला येतो. लीज प्रॉक्सी क्लायंट लीज टाइम अशी एक ओळ आहे प्रोफाइलमधे, तिच्यापुढे सेकंद लिहायचे. मग सर्व्हर राउटरला २४ तासांचं लीज देतो आणि राउटर गिऱ्हाइकाला त्यातलं थोडं थोडं देतो. लॉजवाल्यासारखं समजा, मालकाशी ११ महिन्यांचा करार आणि कॉटवाल्यांकडून आठवड्याचं भाडं. गिऱ्हाइकाचं रिन्यू आलं की राउटरच उत्तर देतो, सर्व्हरला दर वेळी उठवत नाही, सर्व्हरकडचं लीज रिन्यू करायची वेळ आली की तेव्हाच तिकडे जातो. गिऱ्हाईक गायब झालं तर छोटं लीज संपलं की सेशन साफ आणि रेडियसला स्टॉप. एलसीपी इकोची जागा या एका ओळीनं भरून काढली.

हे आम्हाला सुरुवातीला माहीत नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण पायलटमधे ती ओळ टाकलीच नाही, म्हणलं नंतर बघू. ६० घरं पायलटवर होती. एका रात्री अपग्रेडसाठी राउटर रीलोड केला, वर आला, सगळं हिरवं, मी झोपलो. सकाळी सात वाजता दादांचा फोन, "अरे विद्यानगरची सगळी लाईन डाऊन आहे आणि तू झोपतोस काय". झालं असं की राउटरकडे सेशन्स राहिली नाहीत, पण गिऱ्हाइकांच्या राउटरना वाटतंय आपल्याकडे चांगलं २४ तासांचं लीज आहे, रिन्यूची वेळ १२ तासांनी, तोवर गप्प. वायर चालू, आयपी आहे, नेट नाही. त्या दिवशी ६० घरांत फोन करून "राउटर एकदा बंद करून चालू करा" सांगितलं, त्यातल्या काही जणांनी टीव्हीचा बॉक्स बंद करून चालू केला ते वेगळंच. छोटं लीज असतं तर काहीही न करता पाच मिनिटांच्या आत लीज संपलं असतं आणि राउटरनी आपापला नवीन डिस्कव्हर पाठवला असता. बाइंडिंगची वही डिस्कवर लिहून ठेवायची सोय पण आहे एक्सआरमधे, डेटाबेस प्रॉक्सी म्हणून, ती पण आता चालू केलीय, पण मनाची शांती छोट्या लीजनंच.

मग उत्साहात एकदम ३०० केलं आणि तिकडे दुसरं टोक गाठलं. आमच्या एका पॉपवर (नेटवर्कच्या मधल्या ठिकाणी) स्विचचा ॲडॉप्टर ढिला आहे, पाच सात मिनिटं जातो आणि येतो, पाटणच्या पावसाळ्यात तर नेहमीचंच. गिऱ्हाइकाचा राउटर इन्व्हर्टरवर चालूच, त्याला काही माहीत नाही, पण मधला रस्ता बंद म्हणून रिन्यू पोचत नाही आणि ३०० सेकंद संपले की सगळ्यांची सेशन्स एकाच वेळी पडतात, रस्ता चालू झाला की पाचशे जण एकाच वेळी डिस्कव्हर घेऊन दारात उभे, रेडियस धापा टाकतंय. शो डीएचसीपी आयपीव्ही४ प्रॉक्सी बाइंडिंग बघितलं की निम्मे बाउंड आणि निम्मे इनिट डीपीएम वेटिंगमधे अडकलेले, म्हणजे पॉलिसीकडून उत्तर यायची वाट बघतायत, पॉलिसी रेडियसची वाट बघतंय. शेवटी ९०० सेकंदांवर आलो. रिन्यू दर साडेसात मिनिटांनी, सेकंदाला सातेक रिक्वेस्ट, आणि छोटे मोठे झटके सहज निघून जातात. माझ्या मते खेड्यापाड्यातल्या नेटवर्कला ९०० बरं, शहरात जिथे पॉपला जनरेटर आहे तिथे ३०० करा. ॲडॉप्टर बदला असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार, बदललाय, नवीन पण ढिला निघाला.

आणि आता तो प्रसंग ज्याच्यामुळे मी याला एवढे मार्क देतोय. मे महिन्यात केआच्या सर्व्हरची डिस्क भरली, कारण मी लॉग रोटेट लावायचं विसरलो होतो, हो मीच. रात्री पावणेबाराला सर्व्हर गेला आणि मॉनिटरिंगचा मेसेज ज्या फोनवर येतो तो चार्जिंगला, सायलेंटवर. पहाटे साडेतीनला जाग आली तेव्हा बघितलं, पावणेचार तास डीएचसीपी सर्व्हर मेलेला आणि तक्रारी किती, दोन. दोघंही नवीन राउटर लावणारे. बाकी सगळ्यांना राउटर आपल्याच वहीतून रिन्यू देत होता, रिलेवर छोटं लीज असतं तर रात्री बाराला आयपीएलची मॅच संपायच्या आत माझं घर लोकांनी शोधून काढलं असतं. पण लगेच हेही सांगतो, त्या चार तासांत एखाद्या गावाची लाईट जाऊन आली असती तर त्या गावाला आयपी मिळाला नसता, कारण नवीन डिस्कव्हरला सर्व्हर लागतोच. त्या रात्री नशीब महावितरणनं साथ दिली. तेव्हापासून केआ दोन आहेत, हाय अव्हेलेबिलिटीमधे, आणि राउटरमधे दोन हेल्पर ॲड्रेस.

त्रास कुठे होतो तेही ऐका. सगळ्यात मोठा म्हणजे गिऱ्हाइकानं राउटर बदलला की. आम्ही सर्किट आयडीमागे एकच लीज ठेवलंय, लिमिट लीज पर सर्किट आयडी म्हणून कमांड आहे, नाहीतर लोक स्विच लावून तीन राउटर चालवतात. पण मग नवीन राउटरचा मॅक (यंत्राचा स्वतःचा पत्ता) वेगळा, जुन्याचं लीज अजून जिवंत, नव्याला आयपी नाही. ९०० सेकंद थांबायचं किंवा मी हातानं क्लिअर करायचं. आता कॉल सेंटरच्या ताईंना शिकवून ठेवलंय, "सर जुना राउटर काढून पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग नवीन लावा". चिडतात लोक, पण पासवर्डसाठी माणूस पाठवण्यापेक्षा चहा स्वस्त.

रिचार्ज संपल्यावरचं पण थोडं नाजूक आहे. पीपीपीओईत डिस्कनेक्ट पाठवला की गिऱ्हाइकाच्या राउटरला लगेच कळायचं. इथे रेडियसनं सेशन तोडलं तरी त्याच्या राउटरला पत्ताच नाही, तो हातातला आयपी धरून बसतो, आणि पैसे भरल्यावर पण लगेच चालू होत नाही, त्याचं लीज संपेपर्यंत वाट बघायची. म्हणून आम्ही सेशन तोडतच नाही, सीओए (चालू सेशन बदलायचा रेडियसचा हुकूम) पाठवून सर्व्हिस बदलतो, पैसे संपले की पेमेंटचं पान सोडून सगळं बंद, भरले की दुसरा सीओए, तिथल्या तिथे चालू. हे जमवायला बिलिंगवाल्या पोरासोबत आठवडाभर बसावं लागलं.

प्रॉक्सीकडून भलत्या अपेक्षा पण ठेवू नका. एखाद्यानं राउटरची लॅनची बाजू उलटी ओएनयूला लावली तर त्याचा राउटर शेजाऱ्यांना १९२.१६८ वाले आयपी वाटायला लागतो, ते प्रॉक्सीपर्यंत येतच नाही, खालीच घडतं. त्यासाठी ओएलटीवर पोर्ट आयसोलेशन आणि डीएचसीपी स्नूपिंग हवंच. आणि ओएलटी निवडताना ऑप्शन ८२ नीट देतंय का ते आधी तपासा, आमच्याकडच्या एका स्वस्तातल्या मेकचं ओएलटी फर्मवेअर अपग्रेडनंतर सर्किट आयडीचा फॉरमॅटच बदलून बसलं, स्लॉटच्या आधी एक शून्य वाढला, बस एक शून्य, आणि रेडियससाठी ४०० गिऱ्हाइकं अनोळखी झाली.

पोलिसांच्या पत्रांचं काम मात्र सोपं झालं. लायसन्सप्रमाणे दोन वर्षांचा रेकॉर्ड ठेवावा लागतो, आधी पत्र आलं की युजरनेम सापडायचं पण तो युजरनेम चुलत्याच्या घरी पण चालायचा. आता अकाउंटिंगमधे आयपी, मॅक आणि सर्किट आयडी एकत्र येतात, त्या वेळी कुठल्या खांबावरची कुठली वायर ते सरळ निघतं. आमचं नॅट (अनेक गिऱ्हाइकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणं) वेगळ्या बॉक्सवर आहे, गिऱ्हाइकांना १००.६४ मधले पत्ते देतो, त्यामुळे नॅटचा लॉग आणि हा लॉग जोडून बघावा लागतो, पण दोघांचं घड्याळ एकाच एनटीपीवर (वेळेच्या सर्व्हरवर) असेल तर दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या कुणाकडे हे मिळतं का असं विचारणार असाल तर मिळतं. ज्युनिपरच्या एमएक्सवर डीएचसीपी रिलेच्या ओव्हरराइड्समधे प्रॉक्सी मोड आहे, नोकियाच्या ७७५० वर प्रॉक्सी सर्व्हर म्हणून आहे आणि त्यात लीज टाइम पण देता येतो. बजेट असतं तर मी एमएक्स २०४ घेतला असता, १ यू मधे ४०० जी, वीज कमी. मिक्रोटिकवाल्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नका, पाचशे गिऱ्हाइकांपर्यंत मिक्रोटिकचा स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर रेडियसला जोडा आणि सुखात राहा, तेवढ्यासाठी हा हत्ती पोसायची गरज नाही. हजार दीड हजाराच्या पुढे गेलात आणि सर्व्हर वेगळा, राउटर वेगळा असं करायची वेळ आली की प्रॉक्सी बघा.

मार्क द्यायचे तर डीएचसीपी प्रॉक्सी या फीचरला ५ पैकी साडेचार, बॉक्सला साडेतीन कारण वय झालंय आणि एकच आरएसपी, डीलरला शून्य. अर्धा मार्क कापला तो एरर मेसेजसाठी, पॅकेट ड्रॉप झालं हे सांगतो पण का झालं ते डीबग लावून ट्रेस वाचल्याशिवाय सांगत नाही.

आयपीव्ही६ साठी वेगळा प्रॉक्सी प्रोफाइल लागतो, प्रीफिक्स डेलिगेशनसह (घराला आयपींचा अख्खा गट देणं), तो सध्या फक्त माझ्या आणि दादांच्या घरी चालू आहे, दादांना माहीत नाही. पाटणच्या वरच्या अंगाला १४० गिऱ्हाइकं अजून पीपीपीओईवर आहेत, तिथलं ओएलटी ऑप्शन ८२ देतच नाही, ते पाऊस उघडल्यावर बदलायचंय. कुणाकडे चांगल्या कंडिशनमधलं ८ पोर्टचं जीपॉन ओएलटी पडून असेल तर सांगा, पण आधी सर्किट आयडीचा स्क्रीनशॉट पाठवा.